पोत्यावर उरलेला नट

पांढुर्ण्यात कोणाची गाडी बिघडली, की ती कोणाकडे न्यायची हे विचारायला लोक मनोहर मिस्त्रीकडे येतात. हा माणूस स्वतः मिस्त्री. स्वतःचं दुकान, स्वतःचे पाने, हातही चांगला बसलेला. आणि तरी दारात आलेल्या निम्म्या गाड्या तो दुसऱ्याच्या दारात धाडून देतो. बुलेट आली, की सौंसरच्या श्रीकांतचं नाव घेणार. बुलेटचं इंजिन उघडावं तर त्यानंच. निळा धूर सोडणारी जुनी टू-स्ट्रोक असेल, तर लोधीखेड्याचा गुणवंता, कारण तसल्या गाडीची नाडी कळणारा आता तोच एक उरलाय. मीटरमध्ये पिवळा दिवा लागलेली नवी गाडी असेल, तर बसस्टँडमागचा राजू. त्याच्याकडे वायर जोडली की रोग सांगणारं मशीन आहे. मनोहर आपल्याकडे ठेवणार त्या फक्त शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या गाड्या. दुधाच्या कॅना वाहणाऱ्या, संत्र्याचे क्रेट वाहणाऱ्या आणि सणावाराला अख्खं घरदार वाहणाऱ्या.

गिऱ्हाइकाला पत्तेच सांगायचे असतील तर दुकानावर टपाल हापिसाची पाटी लावा, असं त्याची बायको कुसुम म्हणते. ती जवळच्या अंगणवाडीत मदतनीस आहे आणि तिच्या जिभेला कधी गंज चढत नाही. मनोहर यावर नुसता हसतो. खरी गोष्ट अशी, की मनोहर भित्रा आहे. त्याला आपल्याच हातांची भीती वाटते. जी गाडी आपल्याला पुरती कळत नाही तिला हात लावायचा नाही, हे त्यानं तरुणपणीच ठरवून टाकलं, आणि जी कळते तिच्याबद्दलही त्याचा जीव टांगणीलाच असतो. जेवायला बसला, की दिवसभराच्या गाड्या डोळ्यांपुढून जातात. मध्येच घास हातात थांबतो. अमक्याच्या चेनचं लॉक उलटं तर नाही ना बसलं? मग उष्ट्या हाताने फोन. गिऱ्हाइकांनाही आता सवय झाली आहे. मनोहरभाऊचा फोन आला म्हणजे गाडी ठीक आहे, असं ते धरून चालतात.

या भीतीवर त्याच्याकडे एकच औषध आहे, आणि ते त्याच्या उस्तादानं दिलेलं. गाडी उघडायची ती पोत्यावर. जे काही निघेल, नट असो, वायसर असो, ते पोत्यावरच ठेवायचं. काम झालं, की गाडी बाजूला घेऊन गिऱ्हाइकासमोर ते पोतं उचलून झटकायचं. काही पडलं नाही तर गाडी जाऊ द्यायची. पडलं, तर गाडी पुन्हा उघडायची, मग गिऱ्हाईक कितीही तोंड वाकडं करो. उस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली, पण मनोहरच्या दुकानात उघडलेली गाडी पोतं झटकल्याशिवाय हलत नाही. काही जण तर गमतीनं म्हणतात, भाऊ, मंत्र झाला का?

आता मिस्त्री लोकांच्या स्वतःच्या गाड्या कशा असतात, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. मनोहरची गाडी पांढुर्ण्यातली सगळ्यात दुर्दैवी गाडी. तिचा आरसा कधीचा दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागलाय, तिची सीट दोरीनं शिवलेली, आणि तिचं काम निघतं ते दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात. मागचा ब्रेक मांजरासारखा ओरडतो म्हणून कुसुमनं त्याच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी त्या शनिवारी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं तिचं चाक काढलं, ब्रेकचे लायनर घासले आणि दाराशी एक स्कूटी येऊन थांबली तशी गाडी जोडून भिंतीला लावून दिली.

थंडीचे दिवस होते, बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरत होती. स्कूटी गेली, आणखी दोन किरकोळ कामं झाली आणि केशवरावांचा अंकुर आला. केशवरावांचा संत्र्याचा बगीचा आहे, भले लोक. अंकुरच्या मागे त्याची बायको तृप्ती, आणि तिच्या मांडीवर नुकतं चालायला शिकलेलं पोरगं. त्याचं जावळ काढायला सगळे जामसांवलीच्या हनुमान मंदिरात निघाले होते. हनुमानाचा वार, गर्दीचा दिवस. घरची बाकीची माणसं जीपनं पुढे गेली होती, हे तिघं गाडीवर निघाले आणि गावाबाहेर पडायच्या आतच मागचा ब्रेक लागेनासा झाला.

मनोहरनं चाक काढलं. लायनर झिजून कागद झाले होते. नवे घालायला फार वेळ लागत नाही, पण घाईतल्या माणसाला तेवढाही वेळ डोंगराएवढा वाटतो. पोरगं रडायला लागलं. तृप्ती त्याला कडेवर घेऊन उन्हात येरझारा घालत होती. अंकुर सारखा फोन काढून वेळ बघायचा आणि म्हणायचा, "मनोहरभाऊ, आरती चुकन ना आमची." मनोहरनं चाक बसवलं, ब्रेक दाबून पाहिला, गाडी बाजूला घेतली आणि तो पोत्याकडे वळला, तोवर अंकुरनं किक मारली होती. तृप्ती बसली. थांबा म्हणायला मनोहरनं तोंड उघडलं, पण पोराच्या रडण्यापुढे ते आपलं आपल्यालाच ओशाळवाणं वाटलं. गाडी गेली.

मग त्यानं एकट्यानंच पोतं उचललं आणि झटकलं. फरशीवर टण्‌कन काहीतरी पडलं आणि गोल गोल फिरत भिंतीपाशी जाऊन थांबलं.

नट होता. मागच्या चाकाच्या ब्रेक प्लेटला एक लोखंडी पट्टी धरून ठेवते, त्या पट्टीच्या बोल्टवर बसतो तो नट. साध्या गाड्यांना सगळ्यांना सारखाच. दिसायला बोटाच्या पेराएवढा. पण तो नसला, तर बोल्ट हादऱ्यांनी हळूहळू सरकत सरकत बाहेर येतो आणि पट्टी सुटते. पट्टी सुटल्यावर ब्रेक दाबला, की प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. गाडी वेगात असेल, तर पुढचं सांगायला नको.

मनोहर मटकन खाली बसला. सकाळपासून कोणकोणत्या गाड्या झाल्या ते त्यानं आठवून पाहिलं. एका स्कूटीची केबल. एका मास्तरांचं ऑइल. एक पंक्चर, तेही पुढच्या चाकाचं. ही तिन्ही कामं पोत्यावर न घेता दारातच झाली होती. मागचं चाक काढलं ते एकट्या अंकुरच्या गाडीचं. त्यानं पुन्हा आठवलं, तिसऱ्यांदा आठवलं, आणि दर वेळी अंकुरच समोर येत होता, त्याच्या मागे तृप्ती आणि तिच्या मांडीवरचं ते पोर.

फोन लावला. वाजत राहिला. गाडीवरच्या माणसाचा फोन खिशात कितीही वाजला, तरी वाऱ्यात त्याला ऐकू येत नाही. पुन्हा लावला. केशवराव मोबाईल बाळगत नाहीत, आणि तृप्तीचा नंबर त्याच्याकडे असायचं कारण नव्हतं. तेवढ्यात कुसुम डबा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"काय झालं? तोंड काऊन असं पांढरं पडलं?"

"अंकुरच्या गाडीचा नट माह्यापाशी राह्यला," मनोहर म्हणाला. "लेकरू हाये त्या गाडीवर."

कुसुमनं नटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. टपाल हापिस, पाटी, यातलं तिला काही आठवलं नाही. डबा तिनं बाकड्यावर ठेवला. "मंग बसून काय राह्यले? काढा गाडी. तुमी चालवा, फोन मी लावते." शेजारच्या चहावाल्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगून ती त्या दोरीनं शिवलेल्या सीटवर बसलीसुद्धा. मनोहरनं पान्यांची पिशवी हँडलला अडकवली, नट शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं, हेल्मेट चढवलं आणि जामसांवलीकडे जाणारा सौंसरचा रस्ता धरला.

मनोहरला गाडी जोरात चालवताना पांढुर्ण्यात कोणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी तो चालवत होता. दोन्ही बाजूंनी कापसाची, तुरीची शेतं, मध्येच संत्र्याचे हिरवेगार बगीचे मागे पडत होते, आणि त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. त्याचे कान पुढे लागले होते. अंकुरच्या गाडीचा आवाज त्याला पक्का ठाऊक होता, बारीक शीळ घातल्यासारखा, एक वॉल्व जरा सैल असल्यामुळे येणारा. पुढे जी गाडी लागे तिचा आवाज तो पारखून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. ही नाही. ही पण नाही. दर उताराला त्याला वाटायचं, अंकुर इथेच ब्रेक दाबणार. दर वळणाला वाटायचं, पलीकडे काय दिसेल ते दिसेल.

मागे कुसुम एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं फोन सांभाळत होती. अंकुर उचलत नव्हता. मग मनोहरनं ओरडून सांगितलं, मोहगावच्या फाट्यावर गौतमला लाव. गौतमचं तिथे पंक्चरचं दुकान आहे. असली दुकानं मनोहरला रस्ताभर ओळखतात. इतकी वर्षं गिऱ्हाइकं धाडतोय, एवढी ओळख राहणारच. गौतमनं पहिल्याच घंटीला उचललं. लाल गाडी, बाई आणि लेकरू मागे, असं कुसुमनं सांगताच तो उठून रस्त्यावर गेला असावा, कारण फोनमध्ये नुसत्या गाड्यांचे आवाज येत राहिले. बऱ्याच वेळानं तो बोलला, आणि कुसुमनं ते नवऱ्याच्या कानापाशी तोंड नेऊन सांगितलं. गाडी आत्ताच गेली होती. गौतमनं हात केला, तर अंकुरला वाटलं ओळखीचा माणूस रामराम करून राहिला. त्यानंही हात हलवला आणि निघून गेला.

मनोहरनं ॲक्सिलेटर आणखी पिळला.

पुढे रस्त्यात गर्दी दिसली. माणसं घोळका करून उभी होती, एक पिकअप आडवी झाली होती, कोणीतरी वाकून काहीतरी उचलत होतं. लाल रंग शोधत मनोहरची नजर त्या माणसांच्या पायांमधून फिरली आणि त्याच वेळी त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. त्याच्या गाडीच्या पोटाखालून 'कट्ट' असा आवाज आला. एरवी पलीकडच्या गल्लीतल्या गाडीची चेन सैल आहे हे घरात बसून सांगणारा हा माणूस. पण त्या आवाजाकडे त्यानं कान दिला नाही. त्याला दिसलं, की रस्त्यावर नुसती संत्री पसरली होती. क्रेटची दोरी तुटली होती, लोक संत्री गोळा करत होते, आणि एकजण सोलून खातही होता. कुसुमच्या तोंडून "बुद्धा" एवढंच निघालं. बाजूच्या मातीतून गाडी काढून ते पुढे गेले.

"श्रीकांतले लाव," मनोहर म्हणाला.

सौंसरहून जामसांवली जवळ. श्रीकांत हातातलं काम टाकून उलट्या बाजूनं बुलेटवर निघाला. कोणाचा नट, कसा राहिला, हे त्यानं विचारलंच नाही. तोही मिस्त्रीच, अशा वेळी काय विचारायचं नाही हे त्याला कळत होतं. थोडं अंतर गेल्यावर कुसुमचा फोन वाजला. तिनं ऐकलं आणि नवऱ्याचा खांदा घट्ट धरला. मंदिराकडे वळायच्या रस्त्यावर श्रीकांतनं बुलेट आडवी लावून अंकुरला थांबवलं होतं. तिघंही धडधाकट होते. मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हेल्मेटच्या आत ते पुसताही येईना.

पोचले तेव्हा अंकुर गाडीपाशी वैतागून उभा होता. आरती चुकल्यातच जमा होती. तृप्ती मात्र पोराला छातीशी धरून गाडीपासून चार हात लांब जाऊन उभी राहिली होती. श्रीकांतनं तिला काय ते सांगितलं असणार. मनोहरनं आपली गाडी झाडाखाली लावली, खिशाचं बटण उघडलं, नट मुठीत घेतला आणि अंकुरच्या मागच्या चाकापाशी तो गुडघ्यांवर बसला.

नट जागेवर होता. नट सैल होऊ नये म्हणून घालतात ती पिनही जागेवर होती. मनोहरनं बोटानं चाचपून पाहिलं, पाना लावून पाहिला. जसा त्यानं आवळला होता तसाच तो होता.

"म्या पाह्यलं भाऊ," श्रीकांत हळूच म्हणाला. "पूर्ण टाइट हाये."

अंकुर हसला. मोठ्यानं हसला आणि मनोहरच्या पाठीवर थाप मारली. तृप्तीनं पोराला पहिल्यांदा खाली उतरवलं. कोणालाही वाटावं, आता मनोहरचा जीव भांड्यात पडला असेल. पण तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला, मुठीतल्या नटाकडे बघत. नट याचा नाही, तर मग कोणाचा? म्हणजे दुसरी कुठली तरी गाडी आत्ता कुठल्या तरी रस्त्यावर तशीच पळते आहे, आणि आपण इकडे भलत्याच गाडीच्या मागे धावलो. तो बोटांवर मोजत पुन्हा आठवायला लागला, आता मोठ्यानं. स्कूटी. मास्तरांची गाडी. पंक्चर, ते पुढच्या चाकाचं. अंकुर. श्रीकांतनं विचारलं, काल कोणाचं चाक काढलं होतं का. काल संध्याकाळी पोतं झटकलं होतं, काही पडलं नव्हतं. पुन्हा स्कूटी, पुन्हा मास्तर.

कुसुम बाजूला उभी राहून हे सगळं ऐकत होती.

"अन् आपली?" ती म्हणाली.

मनोहरनं मान वर केली.

"सकाळी आपल्या गाडीचं चाक नाही काढलं का तुमी? म्या म्हणून म्हणून थकली तवा. सगळ्याइच्या गाड्या मोजून राह्यले, आपली काऊन मोजत नाही?"

जवळ जायचीही गरज नव्हती. झाडाखाली त्याची गाडी उभी होती आणि बसल्या जागेवरून त्याला ते दिसत होतं. ब्रेकची पट्टी तिरकी लोंबत होती. बोल्ट जवळजवळ सगळा बाहेर आला होता, नुसत्या टोकावर पट्टी अडकून होती. आणखी एक खड्डा, आणखी एक ब्रेक, की काम झालं होतं. संत्र्यांपाशी आलेला तो 'कट्ट' आवाज आता त्याच्या कानात वाजला.

आल्या वाटेचा एकेक उतार त्याला आता पुन्हा दिसायला लागला, आणि या वेळी त्या उतारावर लाल गाडी नव्हती. आपल्या पाठीशी, एका हातात पदर आणि एका हातात फोन, कशालाच न धरता बसलेली कुसुम होती. तिघांच्या जिवासाठी तो धावत सुटला होता आणि चौथा जीव त्यानं त्याच धावपळीत मोडक्या गाडीवर बसवून आणला होता. त्या एवढ्या रस्त्यात त्याला तिच्यासाठी एकदाही भीती वाटली नव्हती, ती सगळी आता एकदम वाटली.

अंकुरची मंडळी मंदिराकडे गेली. पाना मी लावतो म्हणून श्रीकांतनं हात पुढे केला, पण मनोहर नाही म्हणाला. कुसुमनं अंगावरची शाल काढली आणि गाडीच्या मागच्या चाकाखाली जमिनीवर पसरली. नवी शाल होती, भावानं दिलेली. मनोहर नको म्हणाला तर तिनं ऐकलं नाही. त्यानं पट्टी सरळ केली, बोल्ट आत ठोकला, नट लावून आवळला. पिन मात्र घाईघाईत सकाळी कुठे गेली होती कोण जाणे. श्रीकांतनं आपल्या डिकीतली दिली. मनोहरनं ती घातली, वाकवली आणि पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं.

मग गाडी पुढे घेतली. कुसुमनं शाल उचलली, त्याच्यासमोर धरली आणि झटकली. थोडी माती उडाली. दुसरं काही पडलं नाही. तिनं शाल अंगावर घेतली आणि गाडीवर बसली.

परतीच्या वाटेवर मनोहर इतक्या हळू चालला होता, की शाळा सुटून सायकलवर निघालेल्या पोरी घंटी वाजवत त्यांच्या पुढे निघून गेल्या. मोहगावच्या फाट्यावर गौतमनं हात केला, तिथे थांबून चहा झाला, मग पुन्हा तीच चाल. थोडा वेळ कुसुमनं सहन केलं. मग म्हणाली, अशानं घरी पोचेस्तोवर दिवे लागतील, आता तर सगळं नीट आहे ना, जरा तरी पळवा.

"मांगं तू बसली हाये ना," मनोहर म्हणाला.

कुसुमनं फोन कमरेला खोचला आणि मोकळ्या झालेल्या हातानं त्याचा शर्ट धरला.